वजनकाट्यावरचा रिझल्ट

लातुरात कुणाच्याही घरी जा, चहाच्या आधी रिझल्ट विचारतात. पोराला किती पडले, पुतणीचा नंबर कुठं लागला! अंबरीश सर तर क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवणारे. फळ्यावर हृदय आणि स्नायू असे झकास काढायचे, की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा माना वर करून बघत. स्वतः सर मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी लिफ्टशिवाय चढत नसत, आणि पोटाचं तर बोलायलाच नको. पण घरात वजन व्हायचं ते बायकोचं.

मुग्धा काही महिन्यांपासून कॉलनीतल्या बायकांच्या व्यायामशाळेत जात होती. दर रविवारी सर वजनकाटा हॉलमध्ये आणून ठेवत आणि वाकून आकडा वाचत. त्या रविवारी क्लासमधले दोन मास्तर चहाला आले होते. त्यांच्यादेखतच सर म्हणाले, "घ्या! काटा जागचा हलेना. एवढा घाम गाळून रिझल्ट शून्य. क्लासमधली पोरगी असती तर बापाला बोलावून घेतलं असतं!"

मास्तर खो खो हसले. मुग्धा काट्यावरून उतरली.

"मी बारीक व्हायला जातच नाही," ती म्हणाली. "झोप लागते मला आता. गुडघे कुरकुरत नाहीत. आणि दुसरंही एक कारण आहे."

"ते राहू दे. पुढच्या महिन्यापासून बंद कर. रिझल्ट नाही तर क्लास कशाला?"

आतल्या खोलीत सरांच्या आईला, इंदूताईंना, हे सगळं ऐकू गेलं. मांडीचं हाड मोडल्यापासून त्या कॉटवरच असत, वॉकर धरून चार पावलं टाकत, तीही कुणी उठवलं तर.

वाचकहो, अशी थट्टा आपल्याही घरी चालते. आणि वर आपण तिला माया म्हणतो!

दोनच दिवसांनी, सकाळी दूध तापत असताना जमीन हलली. किल्लारीच्या भूकंपाला तीस वर्षं होऊन गेली, तरी या जिल्ह्यात भांडी वाजली की माणूस आधी दार उघडतो, मग विचार करतो. जिन्यात चपलांची धावपळ उडाली. लिफ्टमध्ये शिरायचं नाही, एवढं सरांना ठाऊक होतं. त्यांनी आईला दोन्ही हातांवर उचललं आणि हॉलपर्यंत आणलं. तिथंच छाती भात्यासारखी धपापू लागली, पाठीत लचक भरली, आणि आई त्यांच्या हातातून सोफ्यावर निसटली.

"सरका," मुग्धा म्हणाली. ती सासूकडं पाठ करून उकिडवी बसली. "आई, गळ्यात हात घाला. घट्ट धरा."

आणि ती उठली! सासूला पाठीवर घेऊन, एका हातानं कठडा धरून, घाई न करता ती पायरी पायरी उतरली. मागून सर वॉकर घेऊन उतरत होते. तेवढंच त्यांना झेपत होतं.

अंगणात सगळी बिल्डिंग जमलेली. धक्का लहानच होता, कुणाला खरचटलंही नव्हतं. तळमजल्यावरचे दयानंदराव, उदगीरकडचा मोकळ्या तोंडाचा माणूस, पुढं आले.

"सर, लई चांगलं केलंत बघा वहिनींना व्यायामाला धाडून! असा मालक पायजे. आमाला न्हाई सुचलं."

सर्वांच्या माना कौतुकानं सरांकडं वळल्या. 'हो' म्हणून सुटता आलं असतं, आणि खरं सांगायचं तर 'हो' ओठावर आलंही होतं. पण समोर मुग्धा बसली होती, सासूचे पाय मांडीवर घेऊन चोळत. सरांची कानशिलं तापली.

"नाही हो," ते खाली बघत म्हणाले. "मी बंद कर म्हणालो होतो. चारचौघांत हसलो होतो तिला."

सर मुग्धाजवळ खाली बसले. "तू दुसरं एक कारण म्हणाली होतीस."

"किल्लारीच्या भूकंपात मी नऊ वर्षांची होते," मुग्धा म्हणाली. "माझ्या आईच्या पायावर तुळई पडली होती. मी दोन्ही हातांनी उचलायला बघत होते, ती हलेना. गल्लीतली माणसं येईपर्यंत आई नुसती माझ्याकडं बघत होती. तेव्हापासून मला अंगात बळ पाहिजे आहे, अहो. बारीक कंबर घेऊन मी काय करू?"

आपल्या सासूबाई, मुग्धाची आई, लंगडतात हे सरांना लग्नापासून ठाऊक होतं. पण भूकंपात त्यांच्याजवळ कोण होतं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"अंबू," इंदूताई म्हणाल्या, "पोरांना स्नायू शिकवतोस ना रे? ते काय आरशात बघायला दिलेत? आपल्या माणसाला वेळेला हात देता यावा, मन ताळ्यावर राहावं, म्हणून अंग राखायचं. आता मलाही शिकवा म्हणावं त्या व्यायामशाळेत. या वयात मला बारीक व्हायचंय का? मला माझ्या पायानं न्हाणीत जायचंय!"

रविवारी वजनकाटा माळ्यावर गेला. सरांची पाठ धरलेली, म्हणून तो मुग्धानंच वर टाकला. मग मुग्धानं व्यायामशाळेतून शिकून आणलेला खुर्चीवरून उठायचा सराव इंदूताईंनी घरीच सुरू केला. त्या डुगडुगल्या तसे सर धावले.

"हात लावू नकोस!" त्या ओरडल्या. आणि थरथरत, दात-ओठ खात, आपल्या आपण उभ्या राहिल्या. सरांना बघवेना, आणि नजरही हटवता येईना.

मंडळी, काट्याला वजन कळतं, बळ कळत नाही. उद्या तुमच्या घरातलं कुणी व्यायामाला निघालं, तर किती उतरलं हे विचारू नका. चपला घाला आणि बरोबर चला.