थंड काटा

स्टिअरिंगखाली उताणा पडून हरिश्चंद्र दिव्याची तार सोडवत होता. जोड त्यानेच दिलेला, आणि तो हलू नये म्हणून वर चिकटपट्टीही त्यानेच घट्ट गुंडाळलेली. आता तीच पट्टी नखांना दाद देत नव्हती. शेडच्या बाहेर मालक आप्पांचा आवाज ऐकू येत होता. कोल्हापूरहून मिस्त्री गाडी तपासायला आला होता आणि आप्पा त्याला चहाचा आग्रह करत होते.

शेवटी हरिश्चंद्राने पट्टी दातांनी फाडली. गणपतीच्या तसबिरीपुढचा बारीक दिवा काढून कोटाच्या खिशात टाकला, घड्याळाची तार होती तशी सरळ करून ठेवली, आणि मिस्त्री आत आला तेव्हा तो बाजूला उभा राहून फडक्याला हात पुसत होता.

आप्पांची ही सर्व्हिस मोटार रत्नागिरीहून पाली, साखरपा करत आंबा घाट चढायची आणि कोल्हापूरला जायची. गाडी नवी होती. समोरच्या फळीवर इंजिनातलं पाणी किती तापलं ते दाखवणारं छोटं घड्याळ होतं. असलं घड्याळ इकडच्या रस्त्यावर कुणी पाहिलेलं नव्हतं. इंजिनाच्या डोक्यात, पाण्यात बुडालेलं एक पितळी बोंड. त्याच्यापासून एक तार घड्याळापर्यंत. पाणी तापलं की काटा वर चढायचा.

तसबीर हरिश्चंद्राच्या बायकोने, कमळाने दिलेली. तसबिरीपुढे दिवा असावा म्हणून त्याने सायकलच्या दिव्याचा बल्ब आणला. बॅटरीच्या तारेला जोडला तर तो भगभगायचा, डोळ्यांवर यायचा. मग हाताशी आली ती घड्याळाची तार. तिला जोडल्यावर दिवा समईसारखा मंद लागला. हरिश्चंद्र स्वतःवरच खूश झाला. गाडीत चढताना बायामाणसं दिव्याला हात जोडायची. आप्पांनीही जोडले होते.

त्यानंतर घड्याळाचा काटा मात्र मंदावला. घाट चढताना जो वर जायचा, तो आता खालीच रेंगाळायचा. हरिश्चंद्राच्या ते लक्षात आलं होतं. दिवा त्या तारेतली वीज पितो, म्हणून काटा फसतो, हेही त्याने ताडलं होतं. पण तो आवाजावरून, वासावरून इंजिन ओळखायचा. घड्याळाकडे कशाला बघायला हवं? जयगडला भाचीच्या लग्नाला जाताना त्याने गाडी भागोजीच्या हवाली केली. क्लच जरा घसरतो, मागचं डावं चाक बघून घे, सगळं सांगितलं. काट्याचं सांगायचं होतं. बोटीची वेळ झाली म्हणून तो घाईने निघाला.

भागोजी पालीचा. गाडी चालवायला हरिश्चंद्राच्याच हाताखाली शिकलेला. घाटात इंजिनाची ओढ कमी झाली तेव्हा त्याने काट्याकडे पाहिलं. काटा थंड. कुणी उतारू म्हणाला, करपल्यासारखा वास येतोय. भागोजी म्हणाला, घड्याळ थंड दाखवतंय, तरी बघतो. त्याने इंजिनाच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं आणि उकळतं पाणी उसळून त्याच्या तोंडावर, उजव्या हातावर आलं.

म्हणूनच आप्पांनी मिस्त्रीला बोलावलं होतं. त्याने घड्याळ तपासलं. इंजिन चालू ठेवलं, काटा चढताना आप्पांना दाखवला.

"यंत्र चोख आहे. तुमच्या माणसाने घाई केली."

आप्पांनी मान हलवली. हरिश्चंद्र फडक्याला हात पुसतच राहिला.

सरकारी इस्पितळातून भागोजी घरी आला तेव्हा त्याचा एक डोळा गेला होता आणि उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी आखडली होती. गाडी चालवण्याचा प्रश्नच उरला नव्हता. आप्पांनी दुसरा ड्रायव्हर पाहिला. हरिश्चंद्राने दिवा काढल्याचं उतारूंच्या लक्षात आलं होतं. जोडीदाराचं असं झालं म्हणून हरिश्चंद्र देवावर रुसला, असं लोक बोलू लागले. पालीच्या थांब्यावर एका म्हातारीने त्याची समजूत घातली, "देवावर राग धरू नये रे बाबा." त्याने गाडी सुरू केली.

मग एका दुपारी तो आप्पांच्या ओटीवर जाऊन उभा राहिला.

"आप्पा, भागोजीची चूक नव्हती. माझी होती."

आप्पा सुपारी कातरत होते. ते थांबले. हरिश्चंद्राने सगळं सांगितलं: तार, दिवा, काटा. मिस्त्री यायच्या आधी जोड सोडवल्याचंही सांगितलं.

"मिस्त्रीने तर माझ्यादेखत तपासलं," आप्पा म्हणाले.

"जोड काढल्यावर तपासलं. मी परत जोडून दाखवतो. आत्ता चला."

आप्पा उठले नाहीत. त्यांनी अडकित्ता तबकात ठेवला.

"देवाच्या दिव्याने माणूस भाजला म्हणतोस? नको, मला काही बघायचं नाही. गाडीला बोल लागला की उतारू तुटतात." मग आवाज खाली आणून म्हणाले, "जोडीदारासाठी तुझा जीव तुटतो, ते मला दिसतंय. भागोजीला पालीच्या थांब्यावर तिकिटं द्यायला बसवू. डाव्या हाताने जमेल त्याला. तुझ्या शब्दाखातर हो."

"शब्दाखातर नाही, आप्पा. खरं आहे ते."

"बरं, बरं. जा आता."

गोष्ट आप्पांच्या तोंडून बाहेर पडली आणि पालीला पोचेपर्यंत तिचं रूपच पालटलं. हरिश्चंद्राने जोडीदारासाठी चूक अंगावर घेतली, मालकापुढे हात जोडले आणि त्याची भाकरी परत मिळवली. कमळाला शेजारणींनी हे सांगितलं. तिने त्या दिवशी नवऱ्याच्या पानात माशाचा मधला तुकडा वाढला. त्याने तो खाल्ला नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो भागोजीच्या घरी गेला. भागोजी ओसरीवर बसला होता. पावलांच्या आवाजाने त्याने मान वळवली, चांगल्या डोळ्याची बाजू पुढे केली, आणि ओळख पटताच उठू लागला.

"बस रे, बस," हरिश्चंद्र म्हणाला.

"नाय, मला उठू दे." भागोजीने डाव्या हाताने त्याचा दंड धरला. "माझा सख्खा भाऊ मुंबईला हाय. त्याने पत्र नाय टाकलं. आणि तू माझ्यासाठी मालकापुढे खोटा झालास."

"भागोजी, मी खोटं नाही बोललो. तारेला दिवा मी लावला, त्याने काटा—"

"पुरे आता. अजून तेच चाललंय तुझं." भागोजी हसला. भाजलेल्या गालामुळे हसू एकाच बाजूने उमटलं. "झाकण मी उघडलं. माझ्या ह्या हाताने उघडलं. मला ठाऊक नाय काय? सखू, चहा ठेव गो. आपला हरी आलाय."

भागोजीची बायको चहा घेऊन आली. कप खाली ठेवताना तिने हरिश्चंद्राकडे पाहिलं नाही. भागोजी बोलत होता. सोमवारपासून तो थांब्यावर बसणार होता, नवा सदरा शिवायला टाकला होता, तिकिटं डाव्या हाताने फाडायची सवय तो जुन्या कागदांवर करत होता. करून दाखवली त्याने. कागद वाकडा फाटला. दुसरा जरा बरा फाटला. "बघ!" तो म्हणाला.

हरिश्चंद्र निघाला तेव्हा सखू कुंपणाच्या बेड्यापर्यंत आली. आडवे बांबू सरकवता सरकवता, मागे न बघता ती म्हणाली,

"भावोजी, ते खरं ना? दिव्याचं?"

त्याने मान हलवली. मग तिला ते दिसलं नसेल म्हणून म्हणाला, "खरं."

"मला आप्पांचा माणूस सांगायला आला तेव्हाच कळलं. दुसऱ्यासाठी खोटं बोलणारा असलं तारेबिरेचं बोलत नाय."

"मग वयनी, तुम्ही तरी त्याला सांगा. तुमचं ऐकेल तो."

सखूने बांबूवरचे हात काढले नाहीत.

"इस्पितळातून आले ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. आपल्या हाताने केलं, आपल्या हाताने केलं, तेवढंच बोलायचे. तुमचं ऐकलं त्या दिवशी उठून बसले. जेवले. माझ्यासाठी एवढं करणारं माणूस हाय, बोलले." ती थांबली. "ते मी त्यांच्याकडून काढून घेऊ?"

"मी यायचा नाही परत," हरिश्चंद्र म्हणाला.

"नाय. तुम्ही यायचं." आता तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "मला तुमचं तोंड बघवत नाय. पण ते बाजाराच्या दिवसाची वाट बघतात. दर बाजाराला यायचं. ते काय बोलतील ते ऐकून घ्यायचं. मी चहा ठेवीन."

ओसरीवरून भागोजीची हाक आली. "हरी, गेलास काय रे? जरा ये, एक राहिलंच सांगायचं!"

सखूने सरकवलेले बांबू पुन्हा जागेवर घातले आणि ती बाजूला झाली. हरिश्चंद्राने पायातल्या वहाणा पुन्हा काढल्या आणि तो ओसरीकडे वळला.