पुढचा दात

"आ करा. मोठा. अजून थोडा."

शिवणमावशींनी जबडा ताणला. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या दाताला चिमट्याने हलकेच धक्का दिला, तसा तो मागेपुढे हलला.

"पुन्हा ढिली झाली कॅप. आतला इम्प्लांट हाडात पक्का आहे, वरचीच सुटते. दोरा दाताने तोडता का अजून?"

मावशींनी मानेनेच नाही म्हटलं. त्या इस्पितळाच्या शिवणखात्यात होत्या. चादरी, पडदे, रोग्यांचे झगे शिवत. दोरा दाताने तोडायची जन्माची सवय त्यांनी कॅप बसली त्याच दिवशी सोडली होती. आता गळ्यात नाडीला कात्री बांधून बसत.

"मग रात्री झोपेत दात खाता?"

"खाते म्हणजे काय!" भिंतीजवळच्या खुर्चीतून त्यांचे यजमान बोलले. "करवत चालते नुसती. मी शेवटी पलीकडच्या खोलीत झोपायला लागलो. एवढा कसला राग भरलाय हिच्यात, देव जाणे."

डॉक्टरीणबाई हसल्या. यजमान म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. अर्धं शहर त्यांना सर म्हणायचं. डॉक्टरीणबाईही त्यांच्याच वर्गातल्या. सरांच्या विनोदाला हसायची सवय इतक्या वर्षांनीही सुटली नव्हती.

"मूळचा दात कशाने गेला होता, मावशी?"

मावशींच्या तोंडात लाळ ओढणारी नळी होती.

"बाथरूममध्ये घसरली," सर म्हणाले. "झाली की बरीच वर्षं."

डॉक्टरीणबाईंनी स्क्रू आवळला, वरून मसाला भरला आणि रात्री घालायला एक पारदर्शक पट्टी करून द्यायचं ठरवलं. "आणि टेन्शन कमी करा हं मावशी. आता तुमचं वय आरामाचं."

दात पडला तेव्हा मावशी तिशीच्या आत होत्या. नंतर कितीतरी वर्षं त्या जागी काढघालीचा दात होता. हसताना तो निसटेल म्हणून त्या तोंडावर हात धरून हसत, आणि पुढे पुढे हसणंच कमी झालं. मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, पक्का बसवून घेऊ. फोटोत बरं दिसेल." हाडात भोक पाडलं, महिनोन्‌महिने वाट पाहिली, मग कॅप बसली. फोटोत मावशी खरंच तोंडभर हसल्या होत्या. सगळे म्हणाले, मावशी किती तरुण दिसतात! वर्ष सरायच्या आत कॅप हलायला लागली.

पट्टी आली. मावशी ती रोज नेमाने घालत. सकाळी तिच्यावर दातांचे खड्डे पडलेले असत. मग एक दिवस उठल्या तर पट्टीचे दोन तुकडे जिभेवर होते आणि कॅप पुन्हा डुगडुगत होती.

सर चहा घेत म्हणाले, "घोड्यालासुद्धा लगाम पुरतो. तुला तो पण पुरत नाही."

दुपारी मुलाचा फोन आला. सरांनी त्याला कळवलं होतंच.

"आई, तू मनाला फार लावून घेतेस. जरा शांत राहायला शीक ना. बाबा किती काळजी करतात."

मावशी शिवणखात्यात मशीनवर होत्या. त्यांनी पायाने मशीन थांबवलं.

"तुला आठवतं, माझा दात कसा पडला ते?"

"आता हे मधेच काय?"

"आठवतं का, एवढंच विचारते."

"बाथरूममध्ये पडलीस ना? बाबा नेहमी सांगतात की."

तेव्हा तो चौथीत होता. वरणात मीठ जास्त पडलं होतं, एवढंच निमित्त. गुडघ्यांवर रांगत त्याने टेबलाखालून दात शोधून काढला होता, नळाखाली धुतला होता आणि ओल्या तळहातावर पुढे धरून विचारलं होतं, "आई, परत बसेल का गं?"

"हॅलो? आई?"

"ठेवते. काम पडलंय."

तो खरंच विसरला होता, की विसरायला शिकला होता, हे मावशींना ठरवता येईना. दोन्हींतलं काहीही असलं तरी तो मुलगा आता कुठे उरला नव्हता. शेजारच्या मशीनवरची बाई दोनदा हाक मारून गेली, तरी त्यांच्या हातातली चादर पुढे सरकली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच दवाखान्यात गेल्या.

"आता नवीनच कॅप करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थोडी आखूड करते, म्हणजे खालच्या दातांचा दाब येणार नाही."

"नको. ही काढा आणि तसंच राहू द्या."

"अहो मावशी, पुढचा दात आहे. फट दिसेल."

"दिसू दे."

"सरांना विचारलंत का?"

"पाडताना त्यांनी मला विचारलं नव्हतं."

डॉक्टरीणबाईंचा हात हवेत थांबला.

"पण... बाथरूममध्ये..."

"जेवणाच्या खोलीत पडला, डॉक्टर. ताटासमोर."

डॉक्टरीणबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "सरांनी वर्गात कधी आवाजसुद्धा चढवला नाही हो."

"हो ना. घरी येईपर्यंत साठवून ठेवायचे."

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली. कॅप काढली, आतल्या स्क्रूवर छोटंसं झाकण बसवलं. काम संपल्यावर सवयीने आरसा पुढे केला आणि मग ओशाळून मागे घ्यायला लागल्या. मावशींनीच तो हातातून घेतला आणि ओठ वर करून नीट पाहिलं.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर सरांचं लक्ष गेलं.

"हे काय? कॅप कुठाय?"

"काढून टाकली."

"मग नवीन कधी बसवणार?"

"नाही बसवणार."

"डोकं फिरलंय का तुझं? रविवारी सुनेच्या माहेरची माणसं येणार आहेत. असं बोळकं घेऊन बसणार त्यांच्यासमोर? विचारतील ना सगळे, काय झालं म्हणून!"

"विचारू दे."

"आणि तू काय सांगणार?"

मावशींनी घास तोंडात घातला आणि सावकाश चावला.

"विचारलं की सांगेन," त्या म्हणाल्या.

सरांचा हात ताटात तसाच राहिला. खुर्ची मागे सारून ते उठले आणि हात न धुताच पलीकडच्या खोलीत गेले. दार लागल्याचा आवाज आला.

मावशींनी आणखी भात वाढून घेतला. समोरच्या दाताने घास तोडता येत नव्हता, म्हणून पोळीचे बारीक तुकडे करून ते दाढेखाली घेतले. जेवण पोटभर झालं. मग त्यांनी आपलं ताट उचललं, धुतलं आणि पालथं घातलं. सरांचं ताट जिथे होतं तिथेच राहू दिलं.