बाटली श्वास घेत नाही

मित्रांनो, मी एक जुनी कॉइल आहे. तांब्याच्या पातळ पट्टीचे वेटोळे, वर मऊ निळे आवरण आणि शेपटीसारखी लांब वायर, एवढेच माझे रूप. मोठ्या चुंबकाच्या बोगद्यात माणसाला निजवून शरीराच्या आतले चित्र काढतात, त्या एमआरआय यंत्राचा मी कान आहे. शरीरातल्या पाण्याचे कण तिथे भोवऱ्यासारखे डुलतात आणि यंत्राने डिवचले की हलकेच गुणगुणतात. तुमच्या कानांना ते ऐकू येत नाही. मला येते, पण माझा सूर त्यांच्या सुराशी तंतोतंत जुळला तरच.

अडचण अशी की शरीर जवळ आले की माझ्यासारखीचा सूर उतरतो, आणि प्रत्येक शरीराजवळ तो निराळा उतरतो. माझ्या थोरल्या बहिणींचा सूर तंत्रज्ञ काका हाताने लावत. त्यांच्या कानावर कायम प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर खोचलेला असे, कारण लोखंडाचा असता तर चुंबकाने तो हिसकावून घेतला असता. या खटपटीत वेळ जाई. लहान मुले चुळबुळ करत, मग त्यांना इंजेक्शन देऊन झोपवावे लागे.

म्हणून एका तरुण इंजिनीअर ताईने मला घडवले. सूर उतरल्याचे ओळखून तो आपला आपण लावणारे सर्किट तिने माझ्यात बसवले.

"म्हणजे माझ्या पोटावर पाय देणार तू," काका म्हणाले.

"तुमच्या नाही काका, हिला पेशंटच्या पोटावर ठेवायचंय."

तीन महिने मी मिठाच्या पाण्याच्या बाटलीवर सराव केला. चित्रे आरशासारखी स्वच्छ येत. मग एक सात वर्षांची मुलगी आली. तिच्या यकृतावर एक डाग होता आणि तो कसला आहे हे डॉक्टरांना पाहायचे होते. तिच्या कापडी सशाला धातूची बटणे होती, म्हणून काकांनी त्याला बाहेर खुर्चीवर बसवले.

"मागच्या वेळी इंजेक्शननंतर ती संध्याकाळपर्यंत मला ओळखत नव्हती," तिची आई म्हणाली. "या वेळी जागेपणी जमेल ना?"

"जमेल," ताई म्हणाली.

जमले नाही. चित्रावर नुसते पट्टे उमटले. डॉक्टरांनी गुरुवारी पुन्हा बोलावले; तेव्हाही जमले नाही तर इंजेक्शन.

ताईने माझा एकेक सांधा तपासला. सगळे ठीक होते. काका टेबलावरच्या बाटलीकडे बघत बसले होते.

"काय गं, ही बाटली श्वास घेते का?"

ताईने बाटली उचलून हातात घेतली. "तीन महिने मी हिलाच माणूस समजत होते," ती म्हणाली.

मुलीचे पोट श्वासाबरोबर वरखाली होत होते आणि मी आज्ञाधारकपणे प्रत्येक श्वासाला सूर बदलत होते, तोही ऐकता ऐकताच. कोणी बोलत असताना आपण सारखी खुर्ची सरकवत राहावे, तसे.

मग ताई मला स्वतःच्या पोटावर ठेवून निजू लागली. तेव्हा मला श्वास कळला. तो भरतो, ओसरतो आणि पुन्हा भरण्याआधी क्षणभर विसावतो, जणू किनाऱ्याला लागलेली होडी. ताईने मला नवे वळण लावले. विसावा आला की मीच यंत्राला सांगायचे, सूर लावायचा आणि मग अजिबात हलायचे नाही. फक्त ऐकायचे.

गुरुवार आला.

"ही माझं ऐकते?" मुलीने विचारले.

"हो. तुला काही करायचं नाहीये. नेहमीसारखा श्वास घे," काका म्हणाले.

ती श्वास सोडी आणि त्या इवल्याशा शांततेत तिच्या आतले सारे पाणी माझ्याशी गुणगुणे. असे कित्येक विसावे मी वेचले. पडद्यावर डागाची कड लख्ख उमटली; डॉक्टरांना हवे ते दिसले. मुलगी टक्क जागी अशी बाहेर आली आणि आधी सशाकडे धावली. आईने तिला हाक मारली. तिने वळून "आले गं" म्हटले, तेव्हा आईने तिला सशासकट उचलून घेतले.

आता माझ्याहून हलक्या, हुशार कॉइल आल्या आहेत. कोणीतरी माझी वायर करकचून गुंडाळली, आत एक सांधा तडकला, आणि मी खुंटीवर आले. मित्रांनो, माझ्या बहिणींच्या वायरी सैल गुंडाळा. आणि कोणी तुमच्या जवळ येऊन मनातले बोलू लागले, तर आधी त्याच्याशी सूर जुळवा, मग हलू नका.

काका निवृत्त झालेत. कधी दुपारी येतात आणि माझ्यावर तळवा टेकवतात. माझ्यात आता वीज नाही. तरी सूर जरासा उतरतो, आणि हात कोणाचा ते मला कळते.