हक्कसोडीची साडी

वरंधच्या शर्मिलाला महाडच्या बँकेतला शिपाईसुद्धा नावानं ओळखू लागला होता. चार महिने ती दर आठवड्याला एसटीनं बँकेत जात होती, भावाच्या घरकर्जाची फाईल काखेत मारून. विनीत बिरवाडीला कारखान्यात पाळीवर, त्याला वेळ कुठला? नवरा वारल्यावर माहेरी परतलेल्या बहिणीला मात्र वेळच वेळ, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. ती अंगणवाडी सांभाळते हे कुणाच्या ध्यानात नसायचं.

बँकेचं एक असतं, ती नाही कधी म्हणत नाही. आधी घरपट्टीची पावती हवी होती. मग नकाशावर शिक्का हवा झाला. शिक्का आणला तर पाहणीचे साहेब रजेवर, आणि साहेब आले तेव्हा बँकेतली फाईल अलिबागच्या मोठ्या कचेरीत गेलेली. इकडे कर्जाच्या भरवशावर घराच्या दोन भिंती पाडून ठेवलेल्या, चूल पडवीत आलेली. विनीतची बायको दीप्ती रोज विचारायची, आज काय म्हणाले? शर्मिला रोज काहीतरी बरं सांगायची.

मंगळवारी सुट्टी काढून विनीत स्वतः बँकेत जाऊन आला. पडवीत बनुआत्या कुळीथ निवडत होती. ती त्याच्या वडलांची विधवा बहीण, आयुष्य त्याच पडवीत गेलेलं. विनीत खुशीत होता. एकच कागद राहिलाय म्हणाला, ताईचं हक्कसोडपत्र. वडील गेल्यावर घराच्या उताऱ्यावर दोघा भावंडांची नावं लागली होती. ताईनं सही केली की कर्ज मंजूर. शुक्रवारी निबंधक कचेरीत जायचं, हेही तो ठरवून आला होता.

दीप्तीनं लगेच आतून जरीकाठाची साडी आणली. आपल्याकडची रीतच ती. बहिणीनं हक्क सोडायचा आणि भावानं साडी द्यायची. वाटा मागणारी बहीण माहेराला मुकते, असं आपण लेकींना लहानपणापासून ऐकवतो. न मागणारी कशाला मुकते, हे मात्र कुणी सांगत नाही.

शर्मिला साडीकडे बघत राहिली. त्या फाईलमधला एकूण एक कागद तिनंच गोळा केला होता.

आत्या आता "घे गो पोरी" म्हणेल, असं विनीतला वाटलं. आत्यानं सूप खाली ठेवलं.

"मीपन दिलेला अंगठा. तुमच्या बापानं लुगडं दिलेलं. दोन वर्सांत इरून फाटलं. तवापास्नं या पडवीत हाय." मग तिनं हळूच विचारलं, "नव्या नकाशात पडवी नाय ना रे, विनीत?"

शर्मिलानं फाईल उघडली. ज्या नकाशावर शिक्का मिळवायला तिनं चार खेपा घातल्या होत्या, तो तिनं आज पहिल्यांदा नीट पाहिला. हॉल होता, स्वयंपाकघर होतं, नवराबायकोची खोली होती, पोरांची होती. पडवी नव्हती. तिला स्वतःलाही जागा नव्हती. तिला संताप आला, भावाचा आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"बँकेनं नक्की काय सांगितलं?" तिनं विचारलं.

विनीत चाचरत म्हणाला, "दोघं मालक, तर दोघांनी मिळून कर्ज घ्यावं. नायतर एकानं हक्क सोडावा. पन ताई, तुझं नाव घातलं तर फाईल पयल्यापास्नं. अजून तीन महिने जातील."

"जाऊ देत. चार महिने तुझ्यासाठी थांबले, आता माझ्यासाठी थांबूया. हप्त्याला माझं मानधन धर. नकाशात आमच्या दोघींची खोली काढ. सही मी तवाच करीन, आनि ती कर्जावर."

"लोक काय म्हनतील? भावबीज तुटंल आपली."

"तुटंल कशी? मी कुठं जानार हाय? हितंच हाय मी."

विनीत दोन दिवस धुसफुसत कामावर जात राहिला. पण तिच्या सहीवाचून फाईल हलणार नव्हती, हे त्यालाही कळत होतं. शुक्रवारी तो तिच्या मागोमाग एसटीत चढला. निबंधक कचेरीच्या थांब्यावर दोघंही उतरली नाहीत.

साडी दीप्तीनं घडी करून ठेवून दिली. अशी एखादी साडी तुमच्याही घरी कुणाच्या ट्रंकेत असेल, वाचकहो. ती कशाच्या बदल्यात आली, ते एकदा विचारून बघा.

बँकेत शिपायानं नेहमीसारखा मानेनंच बसायला बाक दाखवला. "परत आलात ताई? भावाचं काम झालं नाय अजून?"

"भावाचं नाय," शर्मिला बसत म्हणाली, "आज माझ्या घराचं काम हाय."