फाटकं जाळं

फॅशनच्या परीक्षेला एकच दिवस उरला होता. माझ्या कलेक्शनचं नाव होतं ‘मी आणि आमचा तलाव’. मुख्य ड्रेस बाबाच्या जुन्या जाळ्याचा होता आणि त्याला मी मुद्दाम अकरा भोकं पाडली होती. या जाळ्यातून निसटून नागपूरला गेलेली मासोळी म्हणजे मी, असं परीक्षकांना सांगायचं होतं. सांगताना जीभ अडखळेल, अशी धास्ती होती.

शेवटचे टाके घालायला मी गावी, घरी आले होते. दुपारी टाचण्या आणायला लाखांदूरच्या बाजारात गेले. परतले तर माय ड्रेस मांडीवर घेऊन बसलेली. सगळी भोकं तिनं विणून टाकली होती.

“माय! हे काय केलं तुनं?”

“फाटकं जाळं घरात ठेवते का कोणी, रंजू? तुह्ये मास्तर काय म्हणतीन? ढिवराच्या पोरीले जाळं सांधता येत नाही?”

मी रागानं कात्री उचलली. पुन्हा कापू, त्याच जागी कापू. जाळं उजेडात धरलं, उलटवलं, बोटांनी चाचपलं. माय कौतुकानं बघत होती.

“सांग बरं, कुठं फाटलं होतं?”

मला एकही जागा सापडेना.