आचाऱ्याच्या हाताची चव

आचाऱ्याने वाटीभर रस्सा फिटरच्या हातात दिला आणि स्वतः नळाकडे तोंड करून उभा राहिला. निकाल ऐकायचा असतो, पण सांगणाऱ्याचं तोंड बघवत नाही, त्यातली गत.

फिटरने एक चमचा घेतला, जिभेवर घोळवला आणि वाटी ओट्यावर ठेवून दिली.

"चांगला आहे रे. पण तो नाही."

दुकान उघडल्यापासून आचारी रोज सकाळी हेच ऐकत होता. चांगला आहे, पण तो नाही. त्यापेक्षा फिटरने वाटी डोक्यात घातली असती तरी परवडलं असतं.

'तो' म्हणजे कारखान्याच्या कँटीनमधला वाटाणा-बटाट्याचा रस्सा. आचाऱ्याने उभी हयात तिथे काढली होती. दुपारचा भोंगा झाला की माणसं तेलकट हात फडक्याला पुसत धावत यायची, रांगेत एकमेकांना ढोसायची आणि वाट्या अशा चाटूनपुसून ठेवायची की धुणाऱ्याला काम उरू नये. निवृत्तीच्या समारंभात साहेबांच्या भाषणाला लोक जांभया देत होते. आचाऱ्याचं नाव निघालं तशी टाळ्या थांबेनात.

त्या टाळ्यांनीच घात केला. फिटर आणि टाईमकीपर त्याच वर्षी निवृत्त झाले होते. दोघं रोज बागेतल्या बाकावर बसून आपापल्या बायकांच्या तक्रारी करायचे, आणि घरी बायका यांच्या. एके दिवशी आचारीही तिथे आला, तेव्हा फिटर टाईमकीपरला म्हणाला, "याच्या हाताला चव आहे, तुला हिशेब येतो, मला ठोकाठोकी येते. दुकान टाकू या." टाईमकीपरने जन्मभर गेटवर उभं राहून दुसऱ्यांचे लेटमार्क मांडले होते, हो म्हणायला त्याने क्षणाचाही उशीर केला नाही. दोघांनी आपापला फंड ओतला. आचाऱ्याचा फंड बायकोच्या ऑपरेशनात आधीच संपला होता. त्याने फक्त हात घातला, आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं, 'कँटीनचा रस्सा'.

एका बाजूला चष्म्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला झेरॉक्स, समोर विम्याचं ऑफिस. पहिल्या आठवड्यात ऑफिसातली माणसं आली. खाल्लं, तोंड पुसलं, "ठीक आहे" म्हणाली आणि पुन्हा फिरकली नाहीत. दुपारी तीन म्हातारे गल्ल्याशी बसून माश्या मारत. गाण्याची आवड असलेला टाईमकीपर हल्ली बोलेनासा झाला होता. रिकामी टेबलं पुन्हा पुन्हा पुसायचा आणि मनगटावरचं घड्याळ बघायचा, जणू गिऱ्हाईकांचाच लेटमार्क मांडायचाय.

आचाऱ्याने काही करायचं बाकी ठेवलं नाही. मीठ बदललं, तेल बदललं, कांदा बारीक चिरला, जाड चिरला, करपवूनसुद्धा पाहिला. घरी डबाभर रस्सा नेऊन बायकोसमोर ठेवला.

"अहो, मीठ बरोबर आहे, तिखट बरोबर आहे. मला तर आवडला."

"तुला काय कळतंय? तू कधी कँटीनमध्ये जेवली होतीस?"

"तुम्ही तरी कधी जेवलात?" ती म्हणाली. "पळीभर चाखायचात आणि घरी येऊन माझं गार जेवायचात."

त्यावर आचारी चिडला. खरं बोललं की माणूस चिडतोच. तो न जेवताच कुशीवर वळला आणि मनातल्या मनात मसाल्यांची उजळणी करत राहिला.

आता महिनाअखेरीला मालकाला दुकान परत द्यायचं की पुढचं भाडं भरायचं, हे ठरवायची वेळ आली होती. आज वाटी ओट्यावर ठेवून फिटर नेहमीसारखा निमूट बाहेर गेला नाही.

"दोष भांड्याचा आहे," तो म्हणाला. "चारशे माणसांचं करणारा तू. या एवढ्याशा पातेल्यात तुझा हात बसणार कसा? कँटीनचा मोठा टोप भंगारात गेलाय. मी शोधून आणतो."

"आणि भाडं?"

"मी घर भाड्याने देतोय. उद्या सकाळी भाडेकरू किल्ली घ्यायला येईल. आम्ही दोघं इथे मागच्या खोलीत राहू."

मागच्या खोलीत कांद्याची पोती होती आणि खिडकी नव्हती.

"वहिनी काय म्हणाल्या?"

"ती काय म्हणणार? म्हणाली, भावजींच्या हाताला चव आहे ना, मग होईल सगळं नीट. कालपासून सामान बांधतेय."

एवढं बोलून फिटर सायकलवर टांग टाकून गेला. चहासुद्धा घेतला नाही.

दिवसभर गिऱ्हाईक आलं नाही म्हटलं तरी चालेल. एक बाई आली, ती झेरॉक्स विचारायला. संध्याकाळी टाईमकीपर टेबलं पुसून, घड्याळ बघून घरी गेला. आचारी पातेल्याशी एकटा बसला. आपल्यापायी दोन संसार बुडताहेत आणि आपण चमचे मोजतोय, या विचाराने त्याला रडू येत होतं. पण दुकानाचं दार उघडं होतं आणि समोर रहदारी होती, म्हणून त्याने कांदा चिरायला घेतला.

दिवेलागणीला बाहेर खडखडाट झाला. फिटर हातगाडी ढकलत आला होता. गाडीवर एका बाजूने चेपलेला, काळाठिक्कर टोप. गावाच्या त्या टोकाच्या भंगारवाल्याकडे तो सापडला होता; हातगाडीवाल्याशी मजुरीवरून जमलं नाही, म्हणून या शहाण्याने नुसती गाडी घेऊन स्वतःच ढकलत आणली. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"टोप उद्या घासू," तो बाकड्यावर कोसळत म्हणाला. "आधी काहीतरी दे रे. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. कावळे ओरडताहेत."

आचाऱ्याकडे होतं काय? सकाळचाच रस्सा. फिटरने चाखून ठेवलेली वाटीसुद्धा त्याने त्यातच परत ओतली होती. अन्न टाकायची सवय नव्हती. त्याने ते गरम केलं, शिळ्या पावासोबत पुढे ठेवलं, आणि ओशाळून नळाकडे वळला.

मागे चमच्याचा आवाज होत राहिला. मग थांबला.

"अरे," फिटर म्हणाला. "अरे, हाच तो!"

आचारी वळला. फिटरच्या डोळ्यांत पाणी होतं. तो पावाने वाटी पुसत होता, आतून, कडेने, कँटीनमध्ये पुसायचा तशी. दुसरी वाटी घेतली, तिसरी घेतली. मग उष्ट्या हातानेच टाईमकीपरला फोन लावला. "सापडली! चव सापडली! आत्ताच्या आत्ता ये!"

आचाऱ्याला आनंद झाला. खरंच झाला. पण पातेल्याकडे नजर गेली आणि तो आनंद तिथेच विझला.

भुकेला कोंडा, निजेला धोंडा. लहानपणापासून ऐकलेली म्हण, आणि आज कळली. पहाटेपासून लोखंडाशी झुंजलेली माणसं भोंग्याला धावत यायची. त्यांना त्या वेळी गरम पाण्यात मीठ घालून दिलं असतं तरी त्यांनी वाट्या चाटल्या असत्या. त्याच्या हाताला चव नव्हती. तो फक्त पळी घेऊन तिथे उभा होता. त्या टाळ्या, ती पाटी, वहिनींचा तो विश्वास, सगळ्याखालची जमीन सरकली. एवढ्या वर्षांत आपलं असं काहीच नव्हतं.

गप्प बसता आलं असतं. कोणाला कळणार होतं? नाव राहिलं असतं. पण उद्या फिटर न्याहारी करून येईल, चमचा घेईल, आणि तोवर किल्ली गेलेली असेल.

"फिटर, हा सकाळचाच रस्सा आहे."

"चेष्टा करू नकोस."

"तुझी वाटीसुद्धा यातच ओतलीय. आता पोट भरलंय ना? घे, पुन्हा एक चमचा घे."

फिटरने हसत हसत घेतला. जिभेवर घोळवला. हसू हळूहळू उतरलं. त्याने पातेल्यात पाहिलं, बाहेरच्या टोपाकडे पाहिलं, आणि आपल्या सालटं निघालेल्या तळव्यांकडे पाहिलं.

"गप्प बसला असतास तर तुझं काय बिघडलं असतं?" तो म्हणाला.

"वहिनींना फोन कर," आचारी म्हणाला. "म्हणावं, सामान सोडा."

फिटरने उष्टा हात शर्टाला पुसला. मग त्याने फोन लावला, "बांधलेलं सोड. नाही, उद्या सांगतो," एवढंच बोलला आणि ठेवला.

तेवढ्यात टाईमकीपर धापा टाकत दारात आला. शर्टाची बटणं खालीवर, मनगटावर घड्याळ नाही. कित्येक आठवड्यांनी त्याचा चेहरा फुललेला होता.

"ताटावरून उठून आलो, घास घेतला नाही! कुठे आहे? द्या लवकर!"

आचाऱ्याने तोंड उघडलं. फिटरने त्याचा दंड धरला.

"आधी त्याला खाऊ दे," तो हळूच म्हणाला. "मग सांग."

आचाऱ्याने वाटी भरून पुढे ठेवली. या वेळी तो नळाकडे वळला नाही. टाईमकीपरने पहिला घास घेईपर्यंत तो समोरच उभा राहिला.