खांबावर उमटलेली चार बोटं

मी एक जुना खांब आहे. खो-खोचा. ठाण्याच्या पूर्वेला कोपरीत एका मंडळाचं मैदान आहे, तिथे मी एका टोकाला उभा आहे. दुसऱ्या टोकाला माझा जोडीदार. मधल्या चौकोनांत आठ मुली बसतात. सोळा वर्षांत आम्ही दोघे एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही, कारण खांबाला तोंड नसतं.

मित्रांनो, माझं सगळं दुःख एवढंच आहे. बाकी सगळं मी ओळीने सांगणार होतो. जन्म, काम, कौतुक, हेळसांड. पण राहवत नाही. आधी तो दिवसच सांगतो.

नको. आधी जन्म. नाहीतर तुम्हाला माझा राग कळणार नाही.

खडवलीच्या पोपट सुताराने मला सागाच्या ओंडक्यातून तासून गोल केलं. मग तीन दिवस तो मला पॉलिश पेपरने घासत होता. डोळे मिटून तळहात फिरवायचा, कुठे टोचलं की पुन्हा घासायचा. मला टेम्पोत चढवताना तो म्हणाला, "याला रंग लावू नका हां. पोरींची मूठ याच्यावर घट्ट बसली पाहिजे." मंडळाचे शिवरामकाका टेम्पोत पुढे बसले होते. त्यांनी मान हलवली.

हे लक्षात ठेवा. त्यांनी मान हलवली होती.

मग कामाची वर्षं. हातभर मातीत, बाकी वर. हजारो तळहात लागले, घाम मुरला, मी काळा पडलो. तो काळा रंग मी मिळवलेला होता.

चार वर्षांपूर्वी अक्षदा आली. तेव्हा ती सहावीत होती. पळायची वाऱ्यासारखी, पण आवाज मुंगीचा. खो-खोत बसलेल्या मुलीच्या पाठीमागून येऊन तिला हात लावायचा आणि 'खो' म्हणायचं. तिने मागे बघायचं नाही, आवाज ऐकून उठायचं. आवाजच आला नाही तर ती उठणार कशी?

"अगं अक्षदा, खो दिलास की मनात ठेवलास?" दर्शनाताई विचारायच्या. त्या दिवसभर पोस्टात काम करून संध्याकाळी मुलींना शिकवतात.

"दिला ताई."

"कोणाला ऐकू आला? त्या खांबाला?"

सगळ्या हसायच्या. मला खरंच ऐकू आलेला असायचा. पण सांगू कसा?

अक्षदाला न्यायला तिची आई, मालन, यायची. भाजीची पिशवी माझ्या पायाशी ठेवायची, एक हात माझ्यावर टेकवायची आणि दर महिन्याला एकदा तरी विचारायची, "ताई, याचा फायदा काय हो? दहावीला वाढीव गुण मिळतात, तेवढंच ना?"

तेवढंच? अहो मालनबाई! तुमची मुलगी वर्गात उभी राहिली की घामाघूम व्हायची, ती आता संचिताला, स्वतःच्या कप्तानाला, तोंडावर सांगते, "तू उशिरा उठतेस." आणि संचिता ऐकते, वर तिची वेणी ओढते. हरलेल्या दिवशी तुमची अक्षदा जेवायची नाही, आता पाणीपुरी खाते आणि कुठे चुकलं ते बोटांवर मोजते. मागे न बघता पाठीवरच्या हातावर विश्वास ठेवायला शिकली. हे कुठल्या गुणपत्रिकेत लिहितात? तुमचा हात माझ्यावरच होता हो, आणि मला एक अक्षर बोलता येत नव्हतं.

आता तो दिवस.

जानेवारीत मंडळाची स्पर्धा होती. अंतिम सामना शहाडच्या मुलींशी. आदल्या दिवशी शिवरामकाका हिरव्या ऑइलपेंटचा डबा घेऊन आले. फाटकाला लावून उरलेला.

"पाहुणे यायचेत. खांब बघा कसे काळेकुट्ट झालेत. एक हात मारतो."

काका, पोपट सुतार! टेम्पो! तुम्ही मान हलवली होती! मी लाकडाच्या प्रत्येक रेषेतून ओरडत होतो. काका खालचा ओठ दातांत धरून, एकही ओघळ येऊ न देता, अगदी मायेने मला रंगवत होते. मायेने केलेल्या चुकीला थांबवणं फार कठीण असतं, मित्रांनो. तोंड असलेल्यांनाही.

सकाळी त्यांनी बोट लावून पाहिलं. "वाळला." वरून वाळला होता. आतून कच्चा. दुपारच्या उन्हात तो मऊ पडू लागला. मुली वळसा घालताना मला नुसत्या बोटं टेकवून जात होत्या, म्हणून कोणाला कळलं नाही.

शेवटचा डाव. आपण एका गुणाने मागे. एक गडी मारला की बरोबरी आणि जादा डाव. वीस सेकंद राहिलेले. शहाडची मुलगी माझ्या मागे आली.

"खो!" संचिता.

अक्षदा उठली. तिने मला धरलं आणि सूर मारला. सूर मारताना सगळं अंग एका मुठीवर तोललेलं असतं. हे तिने माझ्यावर शेकडो वेळा केलं होतं. तिची मूठ माझ्यावर बसली, आणि माझी कातडी—

माझी नव्हे! त्या रंगाची कातडी सरकली.

हनुवटी मातीवर. समोरच्या मुलीची वेणी बोटभर पुढे.

शिट्टी.

"अरे काय यार, हातातली मॅच घालवली!" कडेने कोणीतरी ओरडलं. "धरता येत नाही तर झेप कशाला मारायची?"

अक्षदाने आपला तळहात पाहिला. हिरवा. मग तिने मंचाकडे पाहिलं. तिथे शिवरामकाका पाहुण्यांना नारळ देत होते, खुशीत होते. तिने मूठ मिटली.

अगं उघड! दाखव! बोल ना एकदा!

नाही बोलली. मालन ओढणीने तिची हनुवटी टिपत म्हणाली, "झाला फायदा? बस झालं आता. उद्या ती जर्सी परत देऊन टाकायची." त्यावरही नाही बोलली. चार वर्षं शिकवलेला आवाज गेला कुठे? त्या दिवशी मी जितका चिडलो तितका कधीच चिडलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मैदान झाडायला आले आणि माझ्यासमोर थांबले. हिरव्यात वरून खाली चार बोटं ओढलेली होती, आत माझं काळं लाकूड. काका खाली बसले. मग घरी जाऊन पॉलिश पेपर घेऊन आले.

ते घासत असतानाच दर्शनाताई आल्या, आणि मागोमाग अक्षदा जर्सी घेऊन, सोबत आई.

"पोरी," काका म्हणाले, "माझ्यामुळे पडलीस. काल बोलली का नाहीस?"

"सगळ्यांसमोर तुम्हाला कसं बोलणार काका? तुम्ही पण आपल्याच टीममधले ना."

काकांचे डोळे भरले. मला वाटलं, झालं, आता सगळे रडणार. पण दर्शनाताईंचा आवाज चढला.

"गप्प राहून टीम सांभाळतेस? तूच पहिल्यांदा धरलास म्हणून तू पडलीस. काकांना दिसलं नसतं आणि रविवारी सरावात संचिताने धरला असता तर तिचे दात गेले असते. पंचांना सांगायचंस, रंग सुटतोय. मनातला खो फाऊल असतो, अक्षदा. किती वेळा सांगू?"

"सॉरी ताई."

"मला नको. आणि ती जर्सी कशाला आणलीस?"

अक्षदाने आईकडे पाहिलं. मी श्वास रोखला असता, असता तर.

"आई, मी जर्सी देणार नाही." आवाज अजून मुंगीचा. तिने एक पाऊल पुढे टाकलं. "मी खेळणार!"

पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

मालन दचकली. "अगं हळू! बहिरी आहे का मी?" मग, "घरात कधी एवढा आवाज ऐकला नाही बाई तुझा."

"इथेच लावलाय तो," दर्शनाताई म्हणाल्या. "तुम्ही दर महिन्याला विचारता ना, फायदा काय?"

मालनने नेहमीसारखा माझ्यावर हात टेकवला, आणि लगेच काढला. तळहात हिरवा झाला होता. तो तिने पाहिला. मुलीची हनुवटी पाहिली.

"काका, तुमच्या हाताला जोर नाही. द्या इकडे तो कागद."

पिशवी खाली ठेवून ती बसली आणि मला घासू लागली. डोळे मिटले नव्हते तिने, पण मधूनमधून तळहात फिरवून बघत होती.

मित्रांनो, आता माझं मागणं. मला हार नको, पाहुणे नकोत, चकाकी तर मुळीच नको. हात हवेत. आणि तुम्हाला तोंड दिलंय, तर वेळेवर वापरा, एवढं ऐका.

अजून एक. त्या दिवशी दहाचं ऊन झालं, सगळे थकून घरी गेले. मी साफ झालो. पलीकडच्या टोकाला माझा जोडीदार अजून हिरवागार चकाकतो आहे. त्याला कोणी हातही लावलेला नाही, आणि मी ओरडून थकलो आहे.

येताना पॉलिश पेपर आणा. रविवारी सराव आहे.